"सर, कीपर एकच घेतात" – यष्टिरक्षक चंद्रकांत पंडित यांची कहाणी



शाळा सुटल्यावर मैदानावर दोन संघ पडतात, तेव्हा पहिली बॅटिंग कोणाची यावर भांडण होते. पहिली ओव्हर कोण टाकणार यावरही होते. पण "कीपर कोण?" असे विचारले की सगळे इकडेतिकडे बघू लागतात. शेवटी जो वयाने सर्वांत लहान, त्याला स्टंपच्या मागे उभे केले जाते. चेंडू सुटला तर "आण जा" आणि झेल सुटला तर सगळ्यांची बोलणी, हेच त्याच्या वाट्याला येते.

तरीही आपल्या शाळेत अधूनमधून एखादा मुलगा स्वतःहून ग्लोव्हज मागायला येतो. गेल्या हंगामात असाच एक विद्यार्थी निवड चाचणीला जाऊन आला. त्याचे काम चांगले झाले होते, पण यादीत त्याचे नाव आले नाही. परत आल्यावर त्याने ग्लोव्हज शाळेच्या कपाटात ठेवले आणि एवढेच म्हणाला, "सर, कीपर एकच घेतात."

त्याचे म्हणणे खरे होते. अकरा जणांच्या संघात पाच-सहा फलंदाज आणि चार-पाच गोलंदाज असतात. यष्टिरक्षक मात्र एकच असतो. त्या एका जागेवर दुसरा कोणी बसला की तिसऱ्याने काय करायचे? आम्हाला त्या दिवशी नीट उत्तर देता आले नाही. ते उत्तर शोधताना चंद्रकांत पंडित यांची कारकीर्द डोळ्यांसमोर आली. ती आज तुमच्यापुढे मांडत आहोत. पण त्याआधी यष्टिरक्षकाचे काम नेमके काय असते, ते समजून घेऊ.

दिवसाला पाचशे चाळीस बैठका

कसोटी सामन्यात एका दिवसात साधारण ९० षटके टाकली जातात. म्हणजे ५४० चेंडू. प्रत्येक चेंडूला यष्टिरक्षक खाली बसतो आणि उठतो. स्लिपमधला खेळाडू दोन चेंडूंच्या मध्ये गप्पा मारू शकतो, सीमारेषेवरचा पाणी पिऊन येऊ शकतो. यष्टिरक्षकाला ती सवलत नाही. फलंदाजाने सोडलेला प्रत्येक चेंडू आपल्याकडेच येणार, असे समजून त्याला तयार राहावे लागते.

बसण्यातही शास्त्र आहे. वजन टाचांवर नको, पायाच्या पुढच्या भागावर हवे. ग्लोव्हजची बोटे जमिनीकडे आणि तळवे चेंडूकडे हवेत. चेंडू टप्पा पडून वर येईल तसतसे त्याच्याबरोबर वर यायचे. आधीच उठलेला यष्टिरक्षक खाली राहिलेला चेंडू सोडतो. चेंडू हातात येताना हात थोडे मागे घ्यायचे, म्हणजे चेंडू उसळत नाही आणि बोटेही शाबूत राहतात. जाणत्या यष्टिरक्षकाच्या ग्लोव्हजमध्ये चेंडू पडतो तेव्हा फार मोठा आवाज होत नाही.

वेगवान गोलंदाजाला यष्टिरक्षक बरेच मागे उभा राहतो. फिरकी गोलंदाजाला तो अगदी यष्टींना लागून बसतो आणि खरी परीक्षा तिथेच होते. फलंदाज मध्ये असल्यामुळे चेंडू क्षणभर दिसेनासा होतो. तो वळेल की सरळ राहील, उसळेल की खाली राहील, हे गोलंदाजाच्या हाताकडे पाहूनच ओळखावे लागते.

यष्टिचीत करण्याचे नियमही कडक आहेत. चेंडू बॅटला किंवा फलंदाजाला लागेपर्यंत, अथवा यष्टींच्या पुढे निघून जाईपर्यंत, यष्टिरक्षकाने पूर्णपणे यष्टींच्या मागेच राहायला हवे. घाईने पुढे हात नेला तर पंच नो-बॉल देतात. त्याने काढून मागे जमिनीवर ठेवलेल्या हेल्मेटला चेंडू लागला, तर विरुद्ध संघाला ५ धावा बहाल होतात. फलंदाज क्रीझबाहेर गेल्यावर बेल्स उडवायला निमिषभराचा अवधी मिळतो.

हे काम किती मोलाचे आहे, ते जानेवारी १९८८ मध्ये चेन्नईत दिसले. वेस्ट इंडीजविरुद्धच्या त्या कसोटीत नरेंद्र हिरवाणी यांनी पदार्पणातच १६ बळी घेतले. ते १६ बळी सर्वांच्या लक्षात आहेत. पण त्याच सामन्यात यष्टिरक्षक किरण मोरे यांनी ६ फलंदाजांना यष्टिचीत केले, त्यांतील ५ एकाच डावात, हे फार थोड्यांना आठवते. लेगस्पिनरने फलंदाजाला पुढे ओढायचे आणि यष्टिरक्षकाने मागे त्याची वाट पाहायची, अशी ही भागीदारी असते.

फलंदाजीही यावीच लागते

पूर्वी यष्टिरक्षक निवडताना फक्त त्याचे हात पाहिले जात. मुंबईचे नरेन ताम्हाणे १९५५ ते १९६० या काळात २१ कसोटी सामने खेळले. यष्टींमागची त्यांची सफाई नावाजली गेली, मात्र फलंदाजीची सरासरी जेमतेम दहा होती. आपल्या कर्नाटकचे सय्यद किरमाणी ८८ कसोटी खेळले, तोवर खालच्या क्रमांकावर येऊन धावा करणे हेही यष्टिरक्षकाचे काम मानले जाऊ लागले होते. मार्च २००१ मध्ये चेन्नईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध १५५ धावांचा पाठलाग करताना भारताचे बळी भराभर पडत होते. तेव्हा मुंबईचे यष्टिरक्षक समीर दिघे नाबाद २२ धावा करून उभे राहिले आणि भारताने सामना आणि मालिका जिंकली. त्या बावीस धावांचे मोल एखाद्या शतकापेक्षा कमी नव्हते.

पुढे अ‍ॅडम गिलख्रिस्ट आणि महेंद्रसिंग धोनी यांनी तर चित्रच बदलले. २००३ च्या विश्वचषकात भारताने राहुल द्रविड यांच्या हाती ग्लोव्हज दिले, ते एक फलंदाज जास्त खेळवता यावा म्हणून. बेंगळूरुत वाढलेल्या या मराठी घरातल्या मुलाने शालेय वयात यष्टिरक्षण केले होते. ते असे वीस वर्षांनी उपयोगी पडले.

एकाच जागेचे तीन दावेदार

चंद्रकांत पंडित यांचा जन्म ३० सप्टेंबर १९६१ रोजी मुंबईत झाला. शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांच्या हाताखाली ते तयार झाले. यष्टिरक्षण उत्तम आणि फलंदाजी त्याहून सरस, अशी त्यांची ख्याती झाली. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्यांनी पुढे १३८ सामन्यांत आठ हजारांहून अधिक धावा केल्या. त्यात २२ शतके होती आणि सरासरी ४८ च्या वर होती. आजच्या काळात अशा खेळाडूची निवड आधी झाली असती.

पण किरमाणी यांची जागा १९८६ च्या सुमारास रिकामी झाली, तेव्हा त्या एका जागेसाठी तीन तरुण उभे होते. कर्नाटकचे सदानंद विश्वनाथ, बडोद्याचे किरण मोरे आणि मुंबईचे पंडित. जागा मोरे यांना मिळाली आणि त्यांनी ती ४९ कसोटी सामने राखली. पंडित यांच्या वाट्याला १९८६ ते १९९२ या काळात ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने आले. जून १९८६ मध्ये लीड्स येथे ते पहिली कसोटी खेळले, तेही केवळ फलंदाज म्हणून. ग्लोव्हज मोरे यांच्या हाती होते.

१९८७ च्या विश्वचषकाचा उपांत्य सामना घ्या. ५ नोव्हेंबरला वानखेडे स्टेडियमवर इंग्लंडविरुद्ध दिलीप वेंगसरकर आजारी पडले, म्हणून पंडित यांना संधी मिळाली. यष्टींमागे मोरे आणि पंडित क्षेत्ररक्षणाला, असे दृश्य होते. ग्रॅहम गूच यांनी ११५ धावा केल्या, भारत ३५ धावांनी हरला. पंडित यांनी २४ धावा केल्या होत्या. जानेवारी १९९२ मध्ये सिडनी कसोटीत मात्र यष्टींमागे पंडितच होते. रवी शास्त्री यांचे द्विशतक आणि सचिन तेंडुलकर यांचे शतक याच सामन्यातले. त्याच वर्षी पंडित यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपली. वय अवघे तीस.

आपल्या विद्यार्थ्याचे "सर, कीपर एकच घेतात" हे वाक्य त्यांनाही लागू पडत होते.

बेंगळूरु, १९९९

पंडित यांनी खेळ सोडला नाही. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते मध्य प्रदेशकडे गेले आणि त्या संघाचे कर्णधार झाले. इंदूरच्या होळकर संघाने जुन्या काळी चार वेळा रणजी करंडक जिंकला होता, पण मध्य प्रदेश या नावाने तो एकदाही मिळाला नव्हता. १९९८-९९ च्या हंगामात त्यांचा संघ अंतिम फेरीत पोहोचला. समोर कर्नाटक आणि सामना बेंगळूरुच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर.

कर्नाटकने पहिल्या डावात ३०४ धावा केल्या, मध्य प्रदेशने ३७९. म्हणजे ७५ धावांची आघाडी. रणजीचा अंतिम सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ विजेता ठरतो, हे येथे लक्षात घ्या. दुसऱ्या डावात कर्नाटकने ३२१ केल्या आणि मध्य प्रदेशपुढे २४७ धावांचे लक्ष्य आले. धावा झाल्या नाहीत तरी चालणार होते. शेवटच्या दिवशी नुसते टिकून राहिले असते, तरी करंडक त्यांचा होता. पण कर्नाटकचे ऑफस्पिनर विजय भारद्वाज यांनी ६ बळी घेतले. मध्य प्रदेशचा डाव १५० धावांत संपला आणि कर्नाटक ९६ धावांनी जिंकले.

आपल्या राज्याचा संघ जिंकला म्हणून त्या दिवशी इकडे आनंद होणे साहजिकच होते. जिंकणाऱ्याचा आनंद सर्वांना दिसतो. हरलेल्या कर्णधाराच्या मनात त्या मैदानाची आठवण किती वर्षे राहिली, हे पुढे कळले.

सांधेवाल्याची नजर

आता एक प्रश्न. ज्याला यष्टिरक्षणाची जागा पुरेशी मिळाली नाही, त्याचे शिकलेले वाया गेले का?

लोंढ्याच्या मुलांना हे समजावणे सोपे आहे. आपल्या जंक्शनवरून एक मार्ग हुबळीकडे, एक बेळगावकडे आणि एक कॅसलरॉकवरून गोव्याकडे जातो. गाडीतल्या प्रवाशाला फक्त स्वतःची खिडकी दिसते. कोणती गाडी कुठल्या रुळावर घ्यायची आणि कोणती थांबवायची, हे सांधे आणि सिग्नल सांभाळणाऱ्यालाच माहीत असते. क्रिकेटच्या मैदानावर ती जागा यष्टिरक्षकाची आहे. बाकीचे दहा जण वेगवेगळ्या कोनांतून खेळ पाहतात. सगळे मैदान समोर ठेवून पाहणारा तोच एक. फलंदाजाचा पाय कुठे अडतो, गोलंदाज कधी दमला, कोणता क्षेत्ररक्षक दोन पावले चुकीचा उभा आहे, हे त्याला आधी कळते. वर्षानुवर्षे दिवसाला पाचशे वेळा हे पाहिले की माणसे आणि त्यांचे खेळ वाचायची सवय लागते. ही सवय ग्लोव्हज काढले तरी जात नाही.

पंडित प्रशिक्षक झाले ते हीच नजर घेऊन. मुंबईने २००२-०३ आणि २००३-०४ असे लागोपाठ दोन रणजी करंडक त्यांच्या मार्गदर्शनाखाली जिंकले. २०१५-१६ मध्ये तिसरा मिळाला. त्या संघाचा कर्णधार आदित्य तरे हाही यष्टिरक्षकच होता. कडक शिस्तीचे प्रशिक्षक म्हणून पंडित ओळखले जातात. वेळ पाळणे आणि संघाचे नियम सर्वांना सारखे असणे यात त्यांच्याकडे सवलत नसते.

जानेवारी २०१७ मध्ये इंदूरला मुंबई अंतिम सामन्यात गुजरातकडून हरली आणि पंडित विदर्भाकडे गेले. विदर्भ रणजीत १९५७-५८ पासून खेळत होता, पण साठ वर्षांत करंडक मिळाला नव्हता. पंडित यांच्या पहिल्याच हंगामात उपांत्य सामन्यात विदर्भाने कोलकात्यात कर्नाटकला अवघ्या ५ धावांनी हरवले. मग इंदूरला रजनीश गुरबानीची हॅट्‌ट्रिक झाली आणि १ जानेवारी २०१८ रोजी दिल्लीला ९ गडी राखून हरवून विदर्भ प्रथमच विजेता झाला. ज्या गावात वर्षापूर्वी करंडक हुकला, त्याच गावात तो हाती आला. पुढच्या वर्षी नागपुरात सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून विदर्भाने तो राखला.

बेंगळूरु, २०२२

२०२० नंतर पंडित पुन्हा मध्य प्रदेशकडे आले, या वेळी प्रशिक्षक म्हणून. जून २०२२ मध्ये संघ अंतिम फेरीत पोहोचला. मैदान तेच, बेंगळूरुचे चिन्नास्वामी. समोर ४१ वेळा करंडक जिंकलेली मुंबई, म्हणजे पंडित यांचे स्वतःचे घर.

मुंबईने ३७४ धावा केल्या, त्यात सर्फराज खानच्या १३४ होत्या. मध्य प्रदेशकडून यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार या तिघांनी शतके केली आणि धावसंख्या ५३६ वर नेली. आघाडी १६२ ची. पुन्हा पहिल्या डावाची आघाडी आणि पुन्हा शेवटचा दिवस. १९९९ ची आठवण ज्यांना होती, त्यांच्या पोटात गोळा आला असेल. पण या वेळी संघ नुसता टिकून राहायचा विचार करत नव्हता. मुंबईचा दुसरा डाव २६९ धावांत आटोपला. १०८ धावांचे लक्ष्य मध्य प्रदेशने ४ गडी गमावून गाठले. तो दिवस होता २६ जून २०२२.

सामना संपल्यावर पंडित यांचे डोळे भरून आले. खेळाडूंनी त्यांना खांद्यावर उचलून घेतले. तेवीस वर्षांपूर्वी याच मैदानावर कर्णधार म्हणून जे राहिले होते, ते प्रशिक्षक म्हणून पूर्ण झाले. प्रशिक्षक या नात्याने त्यांचा हा सहावा रणजी करंडक. पुढे २०२२ ते २०२५ ते कोलकाता नाइट रायडर्सचे मुख्य प्रशिक्षक होते आणि त्या संघाने मे २०२४ मध्ये चेन्नईत आय.पी.एल. जिंकली.

पालकांसाठी आणि विश्वस्तांसाठी दोन शब्द

ही कहाणी वाचून प्रत्येक मुलाने व्यावसायिक क्रिकेटपटू व्हावे, असे आम्ही म्हणणार नाही. मार्ग लांब आहे. शालेय सामने, मग धारवाड विभागाचा संघ, त्यानंतर राज्याचा. राज्यासाठी १६ वर्षांखालील मुलांना विजय मर्चंट करंडक, १९ वर्षांखालील मुलांना कूचबिहार करंडक आणि २३ वर्षांखालील खेळाडूंना सी. के. नायडू करंडक अशा पायऱ्या आहेत, आणि सर्वांत शेवटी रणजी. प्रत्येक पायरीवर यष्टिरक्षकाची जागा एकच. म्हणून अभ्यास बाजूला ठेवून मैदानावर जाऊ देणे शहाणपणाचे नाही. तसेच "यात काय मिळणार" म्हणून ग्लोव्हज काढून घेणेही बरोबर नाही.

मुलींनाही हे लागू आहे. बेंगळूरुच्या करुणा जैन या भारताच्या यष्टिरक्षक-फलंदाज होत्या. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या महिलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा यष्टींमागे रिचा घोष होती.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. यष्टींना लागून उभे राहणाऱ्या मुलाच्या डोक्यावर जाळीचे हेल्मेट हवेच. भारताचे सबा करीम यांना २००० साली ढाक्यात फिरकी गोलंदाजीवर यष्टिरक्षण करताना डोळ्याला चेंडू लागला. दक्षिण आफ्रिकेच्या मार्क बाउचर यांच्या डोळ्याला २०१२ मध्ये उडालेली बेल लागली. दोघांच्याही कारकिर्दीला त्यामुळे खीळ बसली. शाळेच्या साहित्यात बॅटी भरपूर असतात. यष्टिरक्षकाचे मापाचे ग्लोव्हज, आतले ग्लोव्हज, पॅड, गार्ड आणि हेल्मेट हेही तितकेच गरजेचे आहेत. पुढच्या खरेदीच्या वेळी विश्वस्तांनी हे ध्यानात घ्यावे, अशी विनंती आहे.

सरावाला मैदानही फारसे लागत नाही. आपल्याकडे जून लागला की पुढे चार महिने पाऊस मैदानात उतरू देत नाही. पण व्हरांड्याच्या भिंतीवर टेनिसचा चेंडू मारून, बसून, दोन्ही हातांनी झेलायचा. रोज शंभर वेळा. पाऊस थांबेपर्यंत हात आपोआप तयार होतात.

शेवटी आपल्या त्या विद्यार्थ्याला सांगायचे राहिलेले उत्तर. बाळा, कीपर एकच घेतात, हे अगदी खरे. चंद्रकांत पंडित यांनाही पाचच कसोटी मिळाल्या. पण त्या जागेसाठी ते जे शिकले, ते कोणत्याही यादीला काढून घेता आले नाही. तीन रणजी संघांना त्याचा उपयोग झाला. तुझे ग्लोव्हज कपाटात डाव्या कप्प्यात आहेत. दोरी सैल झाली होती, ती आम्ही शिवून ठेवली आहे. सोमवारी शाळा सुटल्यावर घेऊन जा.